गफूर मिस्त्रीचं दार

चंद्रपूरजवळच्या मूल गावच्या हायस्कुलात मी रुजू झालो तेव्हा हेडमास्तरांनी मला दोन सूचना केल्या. बाजाराच्या दिवशी सायकल कुलूप न लावता ठेवायची नाही, आणि गफूर मिस्त्रीशी वाद घालायचा नाही. खोली मिळाली ती नेमकी गफूर मिस्त्रीच्या वर्कशॉपसमोर. सायकल पहिल्याच महिन्यात गेली. वादाला तेवढाही वेळ लागला नाही.

मिस्त्रींचा दिवस भांडणाने उजाडायचा. दूधवाल्याशी दुधात पाणी का म्हणून, आणि नळवाल्याशी नळात पाणी का नाही म्हणून. आयुष्यभर लोखंड ठोकून त्यांचा एक कान गेला होता, त्यामुळे समोरचा माणूस नदीपलीकडे उभा असल्यासारखे ते बोलत. बुटका, रुंद छातीचा माणूस. खाकी शर्टाला वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पाडलेली भोकं, एक भुवई कायमची जळालेली, आणि चष्मा सुतळीने गळ्यात बांधलेला. तो डोळ्यांवर चढला की समजायचं, आता मिस्त्री काम करणार किंवा कुणाची तरी पूजा बांधणार.

वर्कशॉपात बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, चाकांच्या धावा, नांगराचे फाळ, तांदूळ साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या आणि धान उफणायचे पंखे बनत. मळणीचे दिवस आले की आसपासच्या गावांतल्या बंड्या त्यांच्या दारापासून वळणापर्यंत उभ्या राहत. मी त्यांच्याकडून पुस्तकांसाठी एक लोखंडी रॅक करून घेतला. पैसे देताना समजूतदारपणे म्हणालो, "बिल राहू द्या मिस्त्री, टॅक्स वाचेल तुमचा."

हातोडा खाली आला. चष्मा वर गेला.

"काऊन? चोरीचा माल आहे का हा?"

"तसं नाही, पण..."

"माझा टॅक्स कुठी वाचते? टॅक्स तुमी देता. मी फक्त पोहचवून देतो. मी हमाल आहो सरकारचा. पोरांले काय शिकवता तुमी? नागरिकशास्त्र?"

"गणित."

"मंग ठीक आहे," ते म्हणाले आणि बिल फाडून माझ्या खिशात कोंबलं.

त्यांच्या गल्ल्याशेजारी डालड्याचा एक जुना डबा असे. विक्रीकराचे पैसे त्या डब्यात पडत आणि भरणा करायची वेळ येईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. मिस्त्रींच्या बायको जुबेदाभाभी एकदा आजारी पडल्या, तेव्हा मिस्त्रींनी माझ्याकडून उसने घेतले. डबा समोर भरलेला होता. "तो सरकारचा आहे," एवढंच म्हणाले. मला त्या वेळी हे वेडेपणाचं वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर भाभींनाही वाटलं होतं. तापातसुद्धा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

पण त्यामागे एक पक्का विचार होता. मोहरमच्या वर्गणीचे खजिनदार वर्षानुवर्षं मिस्त्रीच. गावात वर्गणी कशाचीही असो, गणपतीची, भीमजयंतीची, उरुसाची, कार्यक्रम संपला की माईकवरून हिशेब सांगायची रीत होती. किती जमा, किती खर्च, उरलं त्याचं काय केलं. हिशेबात खोट निघाली तर खजिनदाराला पुढच्या वर्षी कुणी सतरंजीसुद्धा उचलू द्यायचं नाही. मिस्त्रींच्या लेखी विक्रीकर ही तशीच वर्गणी होती. फक्त मंडळ मोठं.

"पट्टी दिली नाई त हिसाब विचाराचा हक नाई," ते म्हणत. "अना जो देते त्यानं विचारलंच पायजे. नाई विचारलं त तो बी चोर."

या इमानाची किंमत रोज मोजावी लागत होती. बाजाराच्या टोकाला आणखी एक दुकान होतं, त्याच कोठ्या, तसलेच रॅक. तिथे कधीच बिल मिळत नसे, म्हणून माल स्वस्त मिळे. गिऱ्हाईक आधी मिस्त्रींकडे भाव विचारायचं, मग हळूच तिकडे सरकायचं. वर्षभराने त्याच कोठीचा तळ निखळला की ती उचलून मिस्त्रींकडे. "घेतली तिकडे, अना रडाले माझ्याकडे?" अशी आरडाओरड करत मिस्त्री ती दुरुस्त करून देत. तिकडचा दुकानदार मात्र दुमजली घर बांधून मोकळा झाला. विक्रीकराच्या वसुलीला येणाऱ्या साहेबांची जीप आधी त्याच्याकडे थांबायची, चहाला. मिस्त्रींकडे यायची ती तपासणीला.

जवळच्या सावळटोला गावची कौशल्याबाई मिस्त्रींच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी. गावतलावाखाली शेवटच्या टोकाला तिची बांधी, म्हणजे भाताचं खाचर. नवरा नागपूरला कामाला गेला तो वर्षातून एकदा यायचा, शेती सगळी तिच्या अंगावर. बाई बोलायला मिस्त्रींच्या तोडीची, आणि मिस्त्री आवाज खाली आणून बोलत ते फक्त तिच्याशीच. उफणणीचा पंखा दिवसभर हाताने फिरवून तिचा खांदा कामातून गेला होता.

"मिस्त्रीभाऊ, हातात काही दम रायला नाई आता. पायानं चालंल असं काई करा नं."

मिस्त्री कामाला लागले. मोडक्या सायकली गोळा केल्या, पायडल आणि चेन पंख्याला जोडली, जुळेना म्हणून तीनदा उसवली. शेवटी पंखा असा फिरला की समोरच्या माझ्या खोलीतले कागद उडाले. बाया पायडल मारत बसायच्या आणि हात मोकळे राहायचे. त्या हंगामात दुसरं कुठलंच काम घ्यायला मिस्त्रींना सवड नव्हती.

मग जीप आली. हाताने फिरवायचा पंखा म्हणजे शेतीचं अवजार, त्यावर कर नाही. याला चेन लावलेली, म्हणजे हे यंत्र. यंत्रावर कर आहे. जे विकले गेले त्यांचाही भरा.

"साहेब, हात शेतकऱ्याचा अना पाय काय शेठजीचा आहे?" मिस्त्रींनी विचारलं.

साहेबांनी नियमाचं पुस्तक पुढे सरकवलं. मिस्त्री एसटीच्या टपावर तो पंखा बांधून चंद्रपूरच्या मोठ्या साहेबांकडे घेऊन गेले. मोठ्या साहेबांनी अत्यंत आदराने पंखा पाहिला, कल्पकतेचं कौतुक केलं, चहा पाजला आणि कर कायम ठेवला. विकलेल्या पंख्यांचा कर मिस्त्रींनी पदरचा भरला. पुढच्या हंगामात वाढलेली किंमत ऐकून लोक परत फिरले, आणि खांदे गेलेल्या बाया पुन्हा हाताने पंखा फिरवू लागल्या. मला आजही तो विचार आला की डोकं फिरतं. कुठल्या तरी टेबलावर कुणीतरी एक ओळ लिहितो आणि इकडे शंभर कोसांवर एका बाईचा खांदा उतरतो. लिहिणाऱ्याला ते कधी कळतही नाही.

पण मिस्त्रींचं खरं भांडण पंख्याचं नव्हतं. ते तलावाचं होतं.

सावळटोल्याचा तलाव मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या, काळातला. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला. तेव्हापासून गावाने पाणीपट्टी भरायची आणि तलावाला हात लावायचा नाही; पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, फावडं मारायचं तरी परवानगी. पाळीच्या पोटात पाणी सोडायचं भोक होतं, त्याचं लाकडी दार केव्हाच कुजून गेलेलं. भर पावसाळ्यात, शेताला गरज नसताना, पाणी त्यातून वाहून जायचं आणि दिवाळीच्या सुमारास तलाव रिकामा. भारी धान, म्हणजे उशिरा येणारं, नेमकं तेव्हा लोंबीवर असतं. त्याला एक शेवटचं पाणी हवं असतं. ते मिळालं तर दाणा भरतो, नाही तर फोल. दरवर्षी लोक अर्ज करत. दुरुस्तीसाठी निधी नाही, असं छापील उत्तर येई.

आणि एका उन्हाळ्यात निधी आला. तलावाचं खातं कोणतं ते मी सांगत नाही. एकाचं नाव घेऊन बाकीच्यांना सोडण्यासारखं काही नाही. निधी होता सुशोभीकरणाचा. पाळीवर सिमेंटची कमान झाली, बाकं झाली, दिव्याचे खांब झाले. खांबांना वीज नव्हती. बाकांवर बसायला गावात कुणाला फुरसत नव्हती. आणि कमानीखाली, पाळीच्या पोटातून, पाणी आपलं खुशाल गळत होतं.

उद्‌घाटनाला मिस्त्री मलाही घेऊन गेले. "हिसाब सांगतीन आज," म्हणाले. हिशेब कुणी सांगितला नाही. तलावाच्या खात्याच्या साहेबांनी भाषण केलं. सरकार शेतकरी बांधवांवर किती खर्च करतं ते सांगितलं, आणि वर म्हणाले, "शेतकऱ्याला एक पैसा कर नाही. बाकीचे लोक कर भरतात, त्यातून हे सगळं होतं. याची थोडी जाणीव ठेवली पाहिजे."

मिस्त्री उठले. मी त्यांचा शर्ट धरला होता, तो माझ्या हातातून निसटला.

"कौशल्याबाई, तुमची चप्पल द्या जरा."

बाईने काही न विचारता चप्पल दिली. मिस्त्रींनी ती स्टेजवरच्या टेबलावर ठेवली, हारांच्या शेजारी. "साहेब, यावर टॅक्स आहे का नाई? आहे. इच्या घरचं साबण, त्यावर आहे. ओ समोरचे भाऊ, तुमची बॅटरी द्या गा. या बॅटरीवर, आतल्या सेलवर. डोक्शावरच्या पत्र्यावर. सायकलच्या टूबवर. धान भरडून आणते त्या मशीनच्या पट्ट्यावर. माझ्या पंख्यावर त तुमीच लावला. अना इनं धान विकला त टॅक्स कोणाच्या माथी माराचा? कोणाच्याच नाई. शेठ भाव पाडून इच्याच माथी मारते. एक पैसा नाई म्हणता? हे त सकाळी उठल्यापासून तुमची पट्टी भरून राह्यली. हिसाब सांगा आता."

माणसं एकेक करून उठली. बॅटऱ्या, कंगवे, तंबाखूच्या डब्या, एक छत्री. टेबल भरलं. क्षणभर मला वाटलं, आज काहीतरी होणार. मी तरुण होतो.

साहेब हसले. मनापासून हसले. "मिस्त्री, तुम्ही आमदारकीला उभे राहा," म्हणाले, आणि चहा आणायला सांगितला. सगळेच हसले. लोकांनी आपापल्या वस्तू परत घेतल्या. कौशल्याबाई चप्पल घालता घालता म्हणाली, "चप्पल बी दाखवली, टॅक्स बी सांगितला. दार कधी लागते ते सांगा मिस्त्रीभाऊ."

"मी लावतो," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी ते लावलं. जाड पत्र्याचं दार, दोन्ही बाजूंना खाचा, वर फिरवायचा दांडा, एका माणसाने सहज उघडावं असं. गावकरी तांदूळ गोळा करून द्यायला निघाले तर त्यांच्यावरच उखडले. "तलाव कोणाचा? सरकारचा. मंग बिल बी सरकारले." आणि खरोखर त्यांनी खात्याच्या नावाने पक्कं बिल केलं. दाराची किंमत, वर विक्रीकर. रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पैसे काही आले नाहीत. भरण्याची मुदत आली तेव्हा त्या दारावरचा कर मिस्त्रींनी पदरचा भरला.

"अहो, पैसे मिळाले नाहीत आणि कर कसला भरता?" मी ओरडलो.

"माल गेला, टॅक्स लागला. मी चोर आहो का?"

बँकेने चलानावर शिक्का मारून दिला. कुणी विचारलं नाही की हे दार कोणतं, कोणी मागितलं होतं.

त्या पावसाळ्यात सावळटोल्याचा तलाव भरला आणि भरलेला राहिला. दसऱ्याला मी गेलो होतो. पाळीला टेकलेलं पाणी, खाली हिरव्यागार बांध्या, आणि कौशल्याबाईच्या शेवटच्या बांधीतलं धान लोंबीवर येऊन वाकायच्या बेतात. मिस्त्री एका बाकावर बसले होते. त्या बाकांचा मी पाहिलेला तेवढाच उपयोग.

दार बसवल्याचं खात्याला कळायचं काही कारण नव्हतं. सुशोभीकरण झाल्यापासून तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. पण मिस्त्रींचं बिल ऑफिसात टेबलाटेबलांवरून फिरत होतं. ते फिरत फिरत अशा एका माणसापर्यंत पोचलं, ज्याने ते वाचलं. विनापरवाना, विनानिविदा, शासकीय मालमत्तेत फेरफार. दिवाळीच्या आधी ट्रॅक्टर आला, माणसं आली, आणि दार उचकटून काढलं. गावकऱ्यांनी हात जोडले. एवढं एक पाणी होऊ द्या, मग न्या. कौशल्याबाई ट्रॅक्टरसमोर उभी राहिली.

"दार नेता त जागेवर काय लावता?" तिने विचारलं.

"प्रस्ताव पाठवू," उत्तर आलं.

पाणी दोन-तीन दिवसांत गेलं. लोकांनी तणसाचे म्हणजे पेंढ्याचे भारे, मातीची पोती कोंबली, पाण्याने ती उडवून लावली. मिस्त्री मुलाच्या मोटारसायकलवर बसून गेले ते कमरेइतक्या पाण्यात उतरून पोती दाबत उभे राहिले. लोकांनी ओढून बाहेर काढलं. कौशल्याबाईची बांधी टोकाची, ती आधी सुकली. लोंब्या ताठच्या ताठ उभ्या राहिल्या, कारण वाकायला त्यांच्यात दाणाच नव्हता. तिने ते धान कापलं आणि बैलांपुढे टाकलं.

मिस्त्री चलान घेऊन खात्याच्या ऑफिसात गेले. मी सोबत होतो. "हा पाहा शिक्का. सरकारनं या दाराचा टॅक्स घेतला. दार चोरीचं होतं त टॅक्स कायले घेतला? टॅक्स खरा होता त दार काऊन नेलं?"

साहेबांनी चलान उलटसुलट पाहिलं. "ते खातं वेगळं," ते म्हणाले.

ते खातं वेगळं! मी नोकरीच्या निमित्ताने सरकारचे पुष्कळ शब्द ऐकलेत, पण इतके निर्लज्ज ऐकले नाहीत. पैसे घेताना सरकार एक असतं. कौशल्याबाईच्या चपलेत, साबणात, मिस्त्रीच्या डालड्याच्या डब्यात, सगळीकडे ते एकच असतं आणि कुठेही चुकत नाही. द्यायची वेळ आली की त्याची खाती होतात, आणि हिशेब विचारणारा माणूस या जिन्यावरून त्या जिन्यावर झिजतो. मी तिथे बरंच काही बोललो. मिस्त्रींनी मात्र चलान घडी करून खिशात ठेवलं आणि ते दाराकडे वळले. बाहेर आल्यावर मीच म्हणालो, भांडा ना. ते म्हणाले, "भांडण त्याच्याशी होते मास्तर, ज्याले आयकू येते."

पोलिसांनी एकदा बोलावून जबाब घेतला. त्यापुढे ते प्रकरण कुठे गेलं कोण जाणे. कौशल्याबाईने त्या हिवाळ्यात दुसऱ्यांच्या शेतांवर कापणी केली, दुखऱ्या खांद्याने.

उन्हाळ्यात खात्याने भंगाराचा लिलाव काढला. फुटके पाईप, डांबराचे ड्रम, एक बिनचाकांची जीप, आणि कोपऱ्यात मिस्त्रींचं दार. मिस्त्री सकाळपासून जाऊन बसले होते. भंगारवाले बाहेरगावचे, पण गोष्ट त्यांच्या कानावर गेलेली होती. दाराची पाळी आली तेव्हा त्यांच्यातला कुणी बोलला नाही. मिस्त्रींनी बोली लावली आणि दार त्यांच्या नावावर सुटलं.

कारकुनाने रक्कम सांगितली आणि मान वर न करता म्हणाला, "वर विक्रीकर लागेल."

एक भंगारवाला खाली मान घालून स्वतःशीच शिवी हासडून गेला. मी मिस्त्रींकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस टेबल उलथून टाकणार. खरं म्हणजे मला तेच हवं होतं. त्यांनी आतल्या खिशातून पैसे काढले आणि कर मोजून टेबलावर ठेवला.

"आता हे दार कोणाचं?"

"तुमचंच की."

"सरकारचं नाई नं?"

"नाही हो."

"मंग तसं ल्याहून द्या."

कारकुनाने पावती लिहून दिली. बाहेर कौशल्याबाई बंडी घेऊन उभी होती. चौघांनी मिळून दार बंडीत चढवलं, मिस्त्री वर चढून दारावरच बसले. बाईने बैल वळवले ते मूलकडे नाही, सावळटोल्याच्या वाटेला.

मी बंडीबरोबर थोडा चाललो. त्या जूनमध्ये माझी बदली झाली, त्यामुळे मी त्यांना पाहिलं ते हे शेवटचं.

"मिस्त्री, पुन्हा काढून नेतील," मी म्हणालो.

"कोण? त्यायले कसं समजन?" मिस्त्रींनी दाराच्या दांड्याला नीट धरून घेतलं. आवाज प्रथमच इतका हळू होता की मला बंडीला लगटून ऐकावं लागलं. "या खेपेले बिल पाठवत नाई."